अंड्यांना काय सांगायचं

या, जरा पुढं सरका. दाराशी टेकलेल्यांनो, आत या, ऊन येत असेल तर पडदा ओढून घ्या. गोष्ट सांगते, मोठी नाही. पण अर्ध्यात उठायचं नाही एवढं कबूल असेल तरच तोंड उघडते. कीर्तन रंगात आलं असताना कुणी उठलं, तर माझे वडील त्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी देवळाच्या पायरीपर्यंत पोचवून यायचे. मी तसं करणार नाही, पण मनाला लागेल. कारण गोष्ट माझ्या बहिणीची आहे, आणि गोष्टीतली चूक माझी.

मी उज्ज्वला सुतार. विट्याच्या पुढं डांबरी रस्ता सोडला की पत्र्याची एक लांब शेड लागते, तो आमचा कारखाना. अंडी उबवायच्या पेट्या आम्ही बांधतो. वडील, ज्ञानू मिस्त्री, गळ्यात तुळशीची माळ घालणारे. अंड्याला कधी जिभेनं शिवले नाहीत, आणि जन्मभर अंड्यांसाठीच रंधा मारला. लोक चेष्टा करायचे, "मिस्त्री, खात न्हाईस एक आन् उबवतोस हजार!" वडील म्हणायचे, "आम्ही जन्माच्या दाराचे सुतार. ताटाचा धंदा दुसऱ्याचा."

पेटी म्हणजे कपाटच, माणसाच्या उंचीचं. आत जाळीचे खण, मागं पंखा, तापायच्या तारा, तळाला पाण्याची पन्हाळ. साडेसदतीस अंश ऊब, ठरलेला ओलावा, आणि दर तासाला सगळे खण एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं कलायला हवेत, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. अठराव्या दिवशी कलणं थांबवायचं, अंडी खालच्या सपाट कप्प्यात उतरवायची. एकविसाव्या दिवशी चोची बाहेर. आता सगळं यंत्रच बघतं. पण पंख्याची घरघर किंचित बदलली की ती अजून मला यंत्राच्या आधी कळते. पेटी बांधणं सोपं आहे, ती सांभाळणं म्हणजे बाळंतपणाला बसणं.

वडिलांचा एक नियम मी पुढं चालवला. एकादशीला पेटीला हात लावायचा नाही. दशमीला पन्हाळ भरायची, ओलावा धरणारी कापडी वात बदलायची, दार लावायचं, आणि मग द्वादशीचं पारणं सुटल्यावरच उघडायचं. वडील म्हणत, "एक दिवस आपण कर्ते न्हाई, एवढं तरी माणसाला कळूदे." अठरावा दिवस एकादशीला आला, तर अंडी एक दिवस मागं-पुढं उतरवायची. त्यानं कधी पिल्लू दगावलं नाही. माझी या नियमावर फार माया होती. अजूनही आहे, म्हणून तर जास्त टोचतं.

आता सांगीचं सांगते.

त्या वेळेला उन्हाळ्यापायी शाळा फाल्गुनातच बंद व्हायला लागून चार वर्षं झाली होती. शेचाळीस अंशाचं आम्हाला नवल राहिलं नव्हतं. पत्र्याच्या शेडमधली पाखरं दुपारी माना टाकायची, आणि संध्याकाळी टोपल्या भरून खड्ड्यात जायची. अशात एका कृषी विद्यापीठातल्या बाईंनी शोध लावला. कोरड्या मुलखातल्या काही रानपाखरांचं आधीपासून ठाऊक होतं: ऊन फार चढलं की अंड्यांवर बसलेली आई धापा टाकता टाकता एक बारीक हाक घालते, आणि ती हाक आतलं पिल्लू ऐकतं. ऐकून नुसतं गप्प बसत नाही. आपली वाढच बदलतं. बाहेर जाळ आहे हे कळल्यावर अंग लहान ठेवतं, कारण लहान अंगातून उष्णता लवकर निघून जाते. भूक कमी ठेवतं, कारण पचवतानाही अंग तापतं. धाप लवकर टाकायला शिकतं. या बाईंना आपल्या गावरान कोंबडीतही तशी हाक सापडली, माणसाच्या कानाला जेमतेम लागणारी. मग तिची चकती निघाली. तळहाताएवढी, जाळीखाली चिकटवायची, आत छोटी बॅटरी. पंधराव्या दिवसापासून पुढं लावली की खणाच्या जाळीतून ती हाक अंड्याअंड्यात जाते. लोकांनी तिला नाव ठेवलं सांगी. जन्माआधी सांगणारी.

पण एक मेख होती. सांगी लावलेलं पिल्लू जन्मभर बारीकच. ऊन आलं तर तरतं. ऊन नाही आलं तर मुठीएवढं राहतं, अंडीही कमी देतं. न लावलेलं पिल्लू थंड वर्षी थोराड होतं, पण जाळाच्या वर्षी जातं. म्हणजे पंधराव्या दिवशी, माझ्यासारख्या सुतारणीनं ठरवायचं, की अजून डोळे न उघडलेल्या जिवाला जगाबद्दल काय सांगायचं. मला त्या दिवसांत झोप लागायची नाही. एका पेटीला लावावी, दुसऱ्या पेटीला काढावी, हवामानाचा इशारा बघावा, परत लावावी, असं माझं चालायचं.

वनिता माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची, मी अकराची. वडील रंधा मारायचे, मी तिला वाढवलं. म्हणजे मी तिला सांगितलं. विहिरीवर जाऊ नको, आत ओढतात. माळावर जाऊ नको, साप असतात. एकटी एसटीत बसू नको. कुणाच्या हातचं खाऊ नको. अठराव्या वर्षी तिला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला, आणि चौथ्या दिवशी ती पेटी-वळकटीसकट परत आली. म्हणाली, "अक्का, तिथं झोपच लागंना." मी तिला जवळ घेतलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

तीच वनिता बेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी माझ्याकडं आली आणि म्हणाली, "माणदेशातल्या चाळीस बाया आहेत. घरटी पाच कोंबड्या, एक कोंबडा. मी हो म्हणून बसलीय. सहाशे अंडी आणलीत, तू उबवून दे. दोन-अडीच महिने मी वाढवते, मग वाटते. आणि मला पण एक पेटी बांधून दे, तिकडं न्यायला."

"तिकडं कोण चालवणार?"

"मी."

"तू? माणदेशात? एकटी?"

ती हसली. "बघ, लागलीच चालू."

ती तेव्हा चार कोसांवर राहायची. नवरा पुण्यात कामाला. तिनं शेड स्वतः उभी केली होती, छपराला उसाचं पाचट घातलं होतं. तिचा आवाज बदलला होता. तिला असं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अंडी खणात लावता लावता मी म्हटलं, "पंधराव्या दिवशी सांगी लावते. इशारा वाईट आहे या वर्षी."

"नको."

"वने, शेचाळीसच्या वर जाणार म्हणतायत."

"जाऊदे. मी सावली करीन, गोणपाटं भिजवीन, ताक पाजीन. पण माझ्या पिल्लांना जन्माच्या आधी भीती घालू नको."

"भीती नव्हं गं ती. सावध करायचं."

ती अंडं उजेडासमोर धरून बघत होती. तशीच म्हणाली, "तुझ्या तोंडून दोन्हीचा आवाज सारखाच येतो, अक्का."

मी गप्प बसले. पण गप्प बसणं आणि मानणं यात अंतर असतं, आणि ते सोळाव्या दिवशी सकाळी दिसलं. एक चकती उचलली आणि वनिताच्या पेटीच्या मधल्या जाळीखाली चिकटवली. मनाशी म्हटलं, दीड दिवस. उद्या दशमी, उद्या संध्याकाळी काढीन. थोडंसं सांगून ठेवू. एकदम कोरी कशाला पाठवायची? तिला कळायचंही नाही. बारीक राहतील थोडी, पण जगतील.

दशमीला दुपारी वीज गेली. सौर पट्ट्यांचा साठा एका पेटीपुरता, आणि माझ्याकडं सात पेट्या चालू. त्यात जनरेटरचा पट्टा तुटला. मी चारी बाजूंनी धावत होते. गरम पाण्याच्या बाटल्या खणांत, ओल्या कापडाच्या वाती, दारांच्या फटींना गोधड्या. वीज आली तेव्हा अंधार पडला होता. पन्हाळी भरल्या, दारं लावली, अंग टाकलं.

सकाळी अंघोळ करून कपाळाला बुक्का लावला, आणि हात कपाळावरच थांबला. सांगी आत राहिली होती. आणि आज एकादशी.

श्रोते हो, त्या दिवसाचं मी तुम्हाला खरंखरं सांगते. मी शेडमध्ये गेले. वनिताच्या पेटीपुढं उभी राहिले. दाराच्या मुठीपाशी हात नेला, मागं घेतला. मी बाहेर येऊन तुळशीला पाणी घातलं. पुन्हा आत गेले. पेटीला कान लावला. पंख्याच्या घरघरीखाली ती हाक होती, अगदी बारीक, कुणी लांब बसून दम खात असावं तशी. ऊन आहे. ऊन आहे. ऊन आहे. आत सहाशे जीव ऐकत होते.

नियम फक्त माझा होता. शेजारच्या बायजाला हाक मारली असती तर तिनं दार उघडून चकती काढून दिली असती. पण बायजाच्या पोटात काही राहत नाही, आणि वनिता तिची मैत्रीण. म्हणजे मला अडवणारी एकादशी नव्हती फक्त, हे माझं मला तेव्हाही कळत होतं. मी देवाच्या आड लपले होते. वडिलांनी माणसाला थोडं नमवायला ठेवलेला नियम मी माझं गुपित झाकायला वापरला. दुपारी देवळात कीर्तन होतं. मी जाऊन बसले. बुवांनी फार सुंदर पद धरलं होतं, सगळे डोलत होते. माझ्या कानात मात्र तीच धाप.

द्वादशीला पारणं सुटलं, आणि दहाच्या सुमाराला मी दार उघडलं, चकती काढली, अंडी खालच्या कप्प्यात उतरवली. दीड दिवस सांगायचं होतं; तीन दिवस झाले. जास्तीचा दीड दिवस म्हणजे काय, हे मी त्या विद्यापीठाच्या पुस्तिकेत आधी वाचलं होतं, परत वाचलं. अठराव्या दिवसाच्या आसपास पिल्लाच्या शरीरातली उष्णतेची खिट्टी बसते. एकदा बसली की बसली. तोपर्यंत जितका वेळ हाक पडेल तितकी ती घट्ट. पुस्तिकेतला शेवटचा शब्द होता, "कायमची."

पाडव्याला दोन दिवस राहिले होते तेव्हा पिल्लं निघाली. पाचशे बारा. वनिता टोपल्या घेऊन आली, एकेकाला तळहातावर घेऊन गालाला लावत होती. "काय हलकी आहेत गं! कापसाची जणू." मी म्हटलं, "भरतील."

आणि काय झालं त्या वर्षी? चैत्रात आभाळ आलं. रोज दुपारी ढग, संध्याकाळी गार वारा. इशारा फोल गेला. सगळ्यांच्या शेडमधली पाखरं टरारली. वनिताची मात्र मुठीएवढीच. मी आठवड्याला जायचे. काहीतरी निमित्त काढून, कधी भाकरी घेऊन, कधी पेटीचं माप घ्यायला. आणि दर वेळी ती जास्त वाळलेली दिसायची.

"माझंच काहीतरी चुकतंय," ती म्हणायची. "खाद्य बदललं, डॉक्टर आणला. तो म्हणतो, ठणठणीत आहेत. मग वाढत का न्हाईत?"

एकदा तिनं मला शेडच्या भिंतीपाशी नेलं. बाहेर कोवळं ऊन होतं, गार वारा होता, अंगणात किडे-मुंग्या होत्या. दार उघडं होतं. पाचशे पिल्लं भिंतीच्या सावलीत ओळीनं चिकटून बसली होती. उंबऱ्यापर्यंत उजेडाचा पट्टा आला होता, आणि त्या पट्ट्यात एकही पाय नव्हता.

"बाहेर जातच न्हाईत," वनिता हळू म्हणाली. "ऊन यांनी अजून बघितलेलं सुद्धा न्हाई. अक्का, यांना कुणी सांगितलं असेल?"

तिला काही संशय नव्हता. ती सहज म्हणाली. मी पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "एखादी पिढी तशीच निपजते." एवढं बोलून मी घरी आले, आणि शेडमध्ये या टोकापासून त्या टोकाला नुसती चालत राहिले. सांगायचं असं ठरवायचे, गाडी काढायचे, ओढ्यापर्यंत जायचे, परत यायचे.

माणदेशातून हौसाबाई नावाची एक म्हातारी बघायला आली होती, त्या चाळीस जणींची म्होरकी. पिल्लू उचलून म्हणाली, "पोरी, कोंबड्या देतीस का चिमण्या?" बाया हसल्या. वनिताही हसली. पण त्या गेल्यावर तिनं मला फोन केला. "अक्का, मिरजेहून आले तेव्हा तू म्हणालीवतीस, असूदे, तुझ्यानं न्हाई व्हायचं ते. बरोबर म्हणालीवतीस."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "वने, मी उद्या येते." आणि दुसऱ्या दिवशी गेलेही. पण तो वैशाखातला पहिला जाळाचा दिवस निघाला.

ऊन आलं, लोकहो. उशिरा आलं, पण काय आलं! नऊ दिवस. सत्तेचाळीसला काटा टेकला. फोनवर लाल इशारा वाजायचा बंदच होईना, शेवटी लोकांनी आवाज मारून टाकले. तांब्यातलं पाणी हाताला चटका देत होतं. चोहीकडच्या शेडमधली ती थोराड, टरारलेली पाखरं दुपारी दोन वाजता चोची वासून पडायला लागली. वनिता गोणपाटं भिजवत होती, ताकाचं पाणी पाजत होती, आणि पिल्लांशी बोलत होती. मी ते नऊ दिवस तिच्याकडंच राहिले, बादल्या वाहिल्या. नऊ दिवसांत तिची चार गेली. फक्त चार.

दहाव्या दिवशी वारं फिरलं, आणि वनिता फिरली. मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती. पंचक्रोशीतले लोक तिच्या शेडपुढं येऊन उभे राहायचे. "ताई, कसं काय वाचवली?" ती कमरेला पदर खोचून सांगायची, "सावली, ओलावा, आणि ताक. आणि धीर सोडायचा न्हाई." एकानं विचारलं, "सांगी लावलीवती का?" ती हनुवटी उचलून म्हणाली, "न्हाई. माझी पिल्लं कोरी आली जगात. मी हातानं वाढवली."

मी मागं उभी होते. सांगा, आता कसं बोलायचं? बारीक होती तेव्हा बोलले असते तर तिचा दोष उतरला असता. आता बोलले तर तिचं यश उतरणार होतं. जन्मात पहिल्यांदा तिला वाटत होतं की तिच्या हातात काहीतरी आहे. आणि दुसरं एक मन माझ्या आत बसून म्हणत होतं, बघ, तुझंच खरं ठरलं. तू सांगितलंस म्हणून जगली. त्या मनाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. ते मन कुणाचंच ऐकत नाही.

मी गप्पच राहिले असते कदाचित. पण माणदेशातल्या बाया आल्या. सगळ्या चाळीस जणी, एका टेम्पोतून. वनिता त्यांना आपली रीत शिकवणार होती. तिच्या कोंबड्या त्यांना मिळणार होत्याच. शिवाय प्रत्येकीनं येताना वाटेवरच्या एका उबवणी केंद्रातून पंधरा-वीस साधी पिल्लं घेतली होती. सांगी न लावलेली. हौसाबाई म्हणाली, "तुझ्या हातानं चारच गेली म्हणल्यावर आमाला सांगी कशाला? तुझीच रीत धरायची. पत्र्याच्या खुराड्यात ठिवतो, गोणपाट टाकतो, ताक पाजतो. झालं."

ज्येष्ठात अजून एक लाट येणार असा इशारा होता. सातशे साधी पिल्लं, पत्र्याच्या खुराड्यात, गोणपाटाच्या भरवशावर. मला ती सातशे पिल्लं टोपल्यांत पडलेली दिसायला लागली. आणि त्यानंतर त्या चाळीस जणी वनिताच्या दारात येऊन काय म्हणतील तेही ऐकू आलं.

वनिता ओलं गोणपाट कसं पिळायचं ते दाखवत होती. हौसाबाईनं विचारलं, "पण पोरी, ही इतकी काटक झाली ती ताकानंच व्हय?"

"ताकानं आणि..."

मी उभी राहिले. "हौसामावशी, ताकानं नाही झालं."

सगळ्यांनी माना वळवल्या. वनितानं पिळता पिळता हात थांबवला.

"थोडं झालं. बाकीचं मी केलं. वनितानं नको म्हटलं होतं, तरी मी तिच्या पेटीत सांगी लावली. तिला न सांगता. दीड दिवस लावणार होते. मग काढायचं राहिलं, आणि एकादशी आली, आणि... एकादशीचं निमित्त झालं. तीन दिवस राहिली. म्हणून ही बारीक राहिली. म्हणून उन्हात पाय टाकत नव्हती. म्हणून जगली. तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. आणि तुमची ती पिल्लं या रीतीनं जगणार नाहीत."

एक पोरसवदा सून फिसकन हसली आणि गप्प झाली. हौसाबाई म्हणाली, "आगं बया, मग आदीच का बोलली न्हाईस? त्वा लेकीगत वाढवलीस म्हनं हिला."

"म्हणूनच," वनिता म्हणाली.

तिनं गोणपाट दोरीवर टाकलं. हात कोरडे केले. मला वाटलं, रडेल. ती बायांकडं वळली.

"ऐकलंत न्हवं? मग मी आता जे शिकवलं ते अर्धंच धरा. तुमच्या साध्या पिल्लांना पत्र्याखाली ठेवू नका. लिंबाखाली ठेवा, बाभळीखाली ठेवा. जमिनीत हातभर खड्डा करा, वरनं पाचट घाला. दुपारी खायला घालायचंच न्हाई, पहाटे आणि दिवस कलल्यावर घाला. ज्यांच्याकडं झाड न्हाई त्यांनी आत्ता सांगा, मी येऊन बघते. आणि माझ्या या पाखरांच्या पोटची अंडी उबवायला आणाल, तेव्हा सांगी लावायची का न्हाई ते जिनं तिनं ठरवायचं. तुमच्यासमोर लावायची, तुमच्यासमोर काढायची. कुणाच्या मागं न्हाई."

तिचा आवाज कुठंही हलला नाही. मी ज्या धीराला जपायला इतके दिवस खोटं बोलले, तो माझ्या जपण्यावर उभाच नव्हता. ताकावर नाही, पिल्लांवर नाही. तो तिचा होता.

बाया टेम्पोत बसल्या तेव्हा ती माझ्याजवळ आली. तिनं माझा हात धरला नाही, ओरडलीही नाही. खरंच माहिती हवी असावी तसं तिनं विचारलं,

"अक्का, मला किती दिवस लावलीवतीस?"

विहीर, साप, एसटी, मिरज; मी मनात मोजायला लागले आणि मोजता येईना.

पंधरवड्यानं मी बांधलेली पेटी घेऊन ती माणदेशात गेली. ज्येष्ठातली लाट आली. त्या साध्या पिल्लांतली दोनशेच्या वर गेली, बाकीची राहिली. वनिता तिथंच राहते आता. ऐकते की तिच्या पेटीपुढं पंधराव्या दिवशी बाया जमतात. ज्यांना सांगी लावायची त्या अंड्यांवर हळदीचं बोट ओढतात, ज्यांना नाही ती कोरी ठेवतात, आणि भांडून भांडून ठरवतात. कधी चुकतं, कधी बरोबर येतं. ऐकते की तिच्या कोंबड्या दुपारी सावलीतच बसतात, पण त्यांची कोरी पिल्लं अंगणभर उधळतात आणि त्या लांबून बघत राहतात.

तिला तिकडं जाऊन दोन वर्षं झाली. पंख्याचा एखादा भाग झिजला की ती त्याचा फोटो मला पाठवते. खाली एक शब्द नसतो. मी तो भाग घडवते, तासते, नीट बांधून पाठवते. चिठ्ठी लिहायला घेते आणि फाडते, कारण जे लिहायला जाते त्याची सुरुवात "सांभाळून" या शब्दानंच होते.

तुम्ही शेवटपर्यंत बसलात. देव तुम्हाला सुखी ठेवो. मी काही मागणार नाही. तिला निरोप नको, माझ्यासाठी रदबदली नको. एवढंच करा. कधी झोपलेल्या लेकराच्या उशाशी वाकाल, आणि त्याच्या भल्यासाठी म्हणून जगाबद्दल काहीतरी त्याच्या कानात सांगावंसं वाटेल. तेव्हा, ओठ उघडायच्या आधी, क्षणभर माझ्या वनिताची आठवण काढा.